केवड्याची चार लॅटिन नावं

केवड्याचं शास्त्रीय नाव शोधायला बसलं की एक नाही, चार नावं समोर येतात. आयुर्वेदाच्या पुस्तकांत पांडानस ओडोरॅटिसिमस, जुन्या वनस्पतिसूचींत पांडानस फॅसिक्युलॅरिस, रोपवाटिकेच्या पाटीवर पांडानस टेक्टोरियस आणि अलीकडच्या याद्यांत पांडानस ओडोरिफर. झाड मात्र तेच आहे. कोकणात पुळणीच्या मागे, खाजणाच्या बांधावर, ओढ्याकाठी माजलेलं, वईला लावलेलं, गणपतीच्या पत्रीत येणारं. गोव्यात त्यालाच केदगी म्हणतात.

शास्त्रज्ञ उगाच नावं बदलत बसतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. केवड्याच्या बाबतीत ती खरी नाही. या चारही नावांमागे एकेक छापील पान आहे आणि त्यांतलं कोणतं धरायचं हे ठरवायला नियम आहेत. ते समजून घेताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. हे झाड कोणाचं नातलग, हा वर्गीकरणाचा प्रश्न. त्याचं उत्तर पुराव्यावर अवलंबून असतं आणि नवा पुरावा आला की बदलतं. नातं ठरल्यावर त्याला कोणतं नाव लावायचं, हा नामकरणाचा प्रश्न. तो जवळजवळ कोर्टातल्यासारखा कागद आणि तारखा बघून सुटतो. नावं बदलण्याबद्दलचे निम्मे गैरसमज हे दोन प्रश्न एकत्र केल्यामुळे होतात.

एका शब्दाचा खुलासा आधीच करायला हवा. मराठीत ‘प्रजाती’ हा शब्द फार घोळ घालतो. विश्वकोशाच्या परंपरेत प्रजाती म्हणजे अनेक जातींचा गट, तर वर्तमानपत्रांत प्रजाती म्हणजे एकच जात. म्हणून इथे गटाला ‘वंश’ आणि त्यातल्या एकेका सदस्याला ‘जाती’ म्हटलं आहे. पांडानस हा वंश आणि केवडा ही त्यातली एक जाती. अनेक वंश मिळून कुल होतं, अनेक कुलं मिळून गण.

माडाचा नव्हे, कोनफळाचा भाऊबंद

उंच खोड, टोकाला लांब पानांचा झुबका, पानांच्या तळाशी फळांचा गोळा. लांबून पाहिलं तर हे ताड-माडाचंच काहीतरी असावं असं वाटतं. जवळ गेल्यावर ते साम्य एकेक करून गळून पडतं. माडाचं पान कळीत असताना अखंड आणि चुण्या घातलेलं असतं, उमलताना फाटून त्याच्या पात्या होतात. केवड्याचं पान आयुष्यभर एकच पट्टी राहतं. ते आडवं कापलं तर काप इंग्रजी ‘एम’ अक्षरासारखा दिसतो, आणि दोन्ही कडांना व खालच्या बाजूने मधल्या शिरेवर काटे असतात. पानं खोडाभोवती तीन रांगांत लागतात आणि त्या रांगा मळसूत्रासारख्या पीळ घेत वर चढतात. माडाला फांद्या फुटत नाहीत. केवड्याचा फुलोरा शेंड्यातूनच येतो, त्यामुळे तो शेंडा तिथेच संपतो आणि वाढ बाजूच्या डोळ्यातून फांदी होऊन चालू राहते. खोडातून निघून तिरकी जमिनीत उतरणारी जाड आधारमुळं तर कुणाच्याही नजरेत भरतात.

फुलांमधला फरक याहून मोठा आहे. केवड्याच्या फुलाला पाकळ्याही नसतात आणि निदलंही, म्हणजे पाकळ्यांबाहेरची पानंही, नसतात. नर झाडावर नुसत्या पुंकेसरांचे घोस, मादी झाडावर नुसते एकमेकांना चिकटलेले अंडाशय. आपण देवाला वाहतो ते सुगंधी कणीस नर झाडाचं असतं, आणि त्यातला मान फुलांना नव्हे तर फुलोऱ्याभोवतीच्या पिवळट पांढऱ्या पानांना, म्हणजे छदांना मिळतो. ओडिशातल्या गंजम जिल्ह्यात केवड्याच्या अत्तराचा जो धंदा चालतो तो याच नर कणसांवर. अननसासारखा दिसणारा गोळा मादी झाडाला धरतो. मात्र नर-मादी झाडं वेगळी असणं ही काही केवड्याची खास खूण नव्हे. माडाच्या एकाच पोयीत नर आणि मादी फुलं असली, तरी ताडाची झाडं केवड्यासारखीच नर किंवा मादी असतात.

फुलाला पाकळ्या नाहीत ही गोष्ट पूर्वी फार महत्त्वाची मानली गेली. बेंथम आणि हूकर यांच्या वर्गीकरणात, जे भारतातल्या महाविद्यालयांत पिढ्यानपिढ्या शिकवलं गेलं, केवडा, पाणकणीस, अळू-सुरण आणि पाण्यावर तरंगणारं लेम्ना हे सगळे ‘उघड्या फुलांचे’ म्हणून एका गटात बसवले होते. आज तो गट राहिलेला नाही. पाकळ्या गमावणं ही गोष्ट वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे अनेकदा घडू शकते, म्हणून तेवढ्यावरून नातं सांगता येत नाही.

डीएनएवर आधारलेलं वर्गीकरण १९९८ पासून रूढ झालं, आणि त्यातून निघालेलं नातं पहिल्यांदा ऐकताना चमत्कारिक वाटतं. माड हा एकदल वनस्पतींच्या ज्या मोठ्या शाखेत आहे त्याच शाखेत भात, हळद आणि केळ आहेत. केवडा त्या शाखेच्या बाहेर आहे. म्हणजे माडाला केवड्यापेक्षा भाताचं रोप जवळचं. केवड्याचा गण पांडानेलीझ, आणि त्याचा सर्वांत जवळचा सोबती म्हणजे कोनफळ, करांदे यांचा गण. पानामा हॅट ज्या झाडाच्या पानांपासून विणतात ते इक्वेडोरमधलं कार्लुडोविका हेही पांडानेलीझमध्ये येतं. तेही ताडासारखंच दिसतं आणि तेही ताड नव्हे. घायपात, ज्याला आपल्याकडे केकताड म्हणतात, ते मात्र केतकीशी नाव जुळत असलं तरी शतावरीच्या कुलातलं.

छापील पानाची तारीख

मलय भाषेत या झाडाला पांडान म्हणतात. इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर डच कंपनीच्या चाकरीत असलेल्या रुम्फियस यांनी त्याला लॅटिन शेपूट लावून पांडानस केलं. त्यांचा ग्रंथ १७४१ ते १७५० या काळात छापला गेला, त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. त्याही आधी, १६७९ साली, कोचीनचा डच गव्हर्नर व्हान रेडे याच्या ‘होर्तुस मलाबारिकस’च्या दुसऱ्या खंडात केवड्याचे प्रकार ‘कैदा’ या मल्याळी नावाने चित्रांसह आले होते. याच ग्रंथासाठी रंग भट, विनायक पंडित आणि अपु भट या तीन कोकणी वैद्यांनी काम केलं आणि १६७५ साली नागरी लिपीत कोकणीतून तसं लिहून दिलं. ते पत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. नागरी लिपीतला मजकूर इतक्या आधी एका वनस्पतिग्रंथात छापला गेला, हे आपल्या लोकांना माहीत असायला हवं.

पण नियमापुढे या दोन्ही ग्रंथांचं वजन शून्य आहे. वनस्पतींच्या नावांची मोजणी १ मे १७५३ पासून, स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसच्या ‘स्पेसीज प्लांटारम’पासून सुरू होते. त्याआधी छापलेलं नाव कितीही अचूक असलं तरी हक्क सांगू शकत नाही. त्यानंतर ज्याचं नाव रीतसर आधी छापलं, तो जिंकतो. इथे शोध कधी लागला याला किंमत नाही, छापून लोकांच्या हाती कधी आलं याला आहे.

लिनियसचा विद्यार्थी स्टिकमन याने १७५४ साली रुम्फियसच्या चित्रांवर प्रबंध काढला. म्हणून काही जुन्या लेखांत ‘पांडानस स्टिकमन’ असं लिहिलेलं सापडतं. पण आज तिथलं नाव रीतसर प्रसिद्ध झालं असं धरत नाहीत. वंशाच्या नावाचा मान मिळाला तो सिडनी पार्किन्सन या चित्रकाराला. कॅप्टन कुकच्या ‘एन्डेव्हर’ जहाजावर तो वनस्पतींची चित्रं काढायला होता. परतीच्या वाटेवर, जानेवारी १७७१ मध्ये, तो समुद्रावरच वारला. त्याची रोजनिशी भावाने १७७३ साली छापली, आणि त्यात ताहिटीतल्या झाडांच्या यादीत पांडानस टेक्टोरियस हे नाव होतं. टेक्टोरियस म्हणजे छपराचा. तिथे त्याच्या पानांनी घरं शाकारतात.

दोन वर्षांनी दुसरं नाव आलं. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेत लिनियसचाच विद्यार्थी फोर्स्कोल होता. १७६३ साली तो येमेनमध्ये हिवतापाने गेला. एकेक करून सगळे सहकारी गेले आणि कार्स्टेन निबुर हा एकटाच मायदेशी परतला. मधलं सव्वा वर्ष त्याने मुंबईत काढलं होतं. फोर्स्कोलची टिपणं निबुरने १७७५ मध्ये छापली. त्यात हे सुगंधी झाड ‘केउरा ओडोरिफेरा’ या नावाने आहे. केउरा म्हटलं की कुठल्याही भारतीयाच्या कानात केवडाच वाजतो. वंशाच्या शर्यतीत मात्र केउरा दोन वर्षांनी मागे पडला, नाहीतर आज सगळ्या जगाने या वंशाला केउरा म्हटलं असतं.

आता चार नावांचा निवाडा सोपा होतो. ओडोरॅटिसिमस हे नाव थोरल्या लिनियसच्या मुलाने दिलं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर १७८१ असलं तरी ते प्रत्यक्षात १७८२ मध्ये बाहेर पडलं. फॅसिक्युलॅरिस लामार्कचं, १७८५ सालचं. फोर्स्कोलचं ओडोरिफेरा १७७५ चं, म्हणजे या दोघांपेक्षा जुनं. फक्त ते चुकीच्या वंशनावाखाली अडकून पडलं होतं. १८९१ साली ओटो कुंत्झे या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने ते उचलून पांडानसमध्ये आणलं. या माणसाने एका झटक्यात हजारो नावं बदलली म्हणून त्याच्यावर समकालीनांचा राग होता, आणि त्याचे बरेचसे बदल पुढे कुणी स्वीकारले नाहीत. हा मात्र नियमाला धरून होता. म्हणून पूर्ण नाव असं लिहितात: पांडानस ओडोरिफर (फोर्स्क.) कुंत्झे. कंसात जातीचं विशेषण मूळ देणारा, कंसाबाहेर ते आजच्या वंशात आणणारा. कंस गाळला तर या हस्तांतराचा पुरावाच गाळला जातो.

ओडोरिफेराचं ओडोरिफर का झालं, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागू नये. आपण पांढरा केवडा म्हणतो आणि पांढरी केतकी म्हणतो. लॅटिनमध्येही विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं. केउरा स्त्रीलिंगी, पांडानस पुल्लिंगी. वंश बदलला की शेवट बदलतो, नाव तेच राहतं.

उरलं टेक्टोरियस. इथे तारखांचा उपयोग नाही, कारण प्रश्न नात्याचा आहे. पॅसिफिकमधला टेक्टोरियस आणि आपल्या किनाऱ्यावरचा केवडा या दोन जाती मानल्या, तर आपला तो ओडोरिफर. दोन्ही मिळून एकच जाती मानली, तर १७७३ हे १७७५ च्या आधीचं, म्हणून सगळ्यांचंच नाव टेक्टोरियस. दोन लेखक दोन वेगळी नावं लिहितात तेव्हा त्यांच्यापैकी एकाने नियम मोडला असं होत नाही. त्यांचं झाडांबद्दलचं मत वेगळं आहे इतकंच. सध्या दोन जाती वेगळ्या धरण्याकडे कल आहे, म्हणून केवड्यासाठी ओडोरिफर लिहावं हे बरं.

किती जाती?

पांडानसच्या आज साडेपाचशेच्या पुढे जाती मानल्या जातात. पश्चिम आफ्रिकेपासून मादागास्कर, भारत, इंडोनेशिया करत पॅसिफिकच्या बेटांपर्यंत हा वंश पसरला आहे. अमेरिका खंडांत तो मूळचा नाही. हा आकडा इतका मोठा असण्यात माणसाच्या सवयीचाही वाटा आहे. हवाईतले हॅरॉल्ड सेंट जॉन यांनी या वंशात शेकडो नव्या जाती जाहीर केल्या. त्यांतल्या पुष्कळशा पॅसिफिक बेटांवरच्या टेक्टोरियस गटातल्या होत्या. तिथले लोक चांगल्या फळाच्या झाडाची फांदी तोडून लावतात. एकाच झाडाची हुबेहूब लेकरं बेटभर पसरतात, आणि शेजारच्या गावातलं झाड वेगळ्या फळाचं असतं. हापूस, पायरी आणि रायवळ यांच्या कोयी मोजून तीन जाती जाहीर कराव्यात, तशी ती चूक होती. मलायात काम करणारे बेंजामिन स्टोन यांनी यातली कित्येक नावं पुन्हा एकत्र केली आणि संपूर्ण वंशाची उपवंशांत नवी मांडणी केली.

स्टोन १९९४ साली वारले. २०१२ मध्ये कॅलमँडर आणि ब्युर्की यांनी पांडानसमधला एक गट वेगळा काढून त्याला बेन्स्टोनिया हे नाव दिलं, बेन स्टोन यांच्या स्मरणार्थ. वेगळा काढण्याचं कारण साधं आहे. वंश म्हणजे एका पूर्वजाची सगळी लेकरं, त्यात परक्याचं कोणी नको आणि घरातलं कोणी बाहेर नको. हरितलवकातल्या डीएनएची तुलना केल्यावर हा गट बाकीच्या पांडानसपासून स्वतंत्र फांदीवर बसलेला निघाला. डोळ्यांना दिसणारी खूणही आहे. फळातल्या आठळ्या एकेकट्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला ताठ काट्यासारखा कुक्षीवृंत, म्हणजे अंडाशयावरची दांडी. बंगाल-आसामकडचा पांडानस फीटिडस म्हणून आता बेन्स्टोनिया फीटिडा झाला. पुन्हा लिंग बदललं ते लक्षात आलंच असेल. मादागास्कर आणि सेशेल्समधला मार्टेलिडेंड्रॉन हा वंश २००३ साली असाच वेगळा झाला होता. वेलीसारखा चढणारा फ्रेसिनेशिया आणि दोनच जातींचा सरारांगा धरून केवड्याच्या कुलात आज पाच वंश आहेत.

ओळख कुठे चुकते

केवड्याच्या वंशातली जाती नुसत्या पानावरून जवळजवळ कधीच ओळखता येत नाही. कोवळ्या झाडाचं पान मोठ्या झाडाच्या पानापेक्षा लांब-रुंद असू शकतं, सावलीतलं उन्हातल्यापेक्षा वेगळं असतं. जाती ठरते ती मादीच्या फळावरून. केवड्याच्या गोळ्यात अनेक खंड असतात, आणि प्रत्येक खंड हा चार-पाच ते डझनभर अंडाशय एकमेकांत जुळून झालेला असतो. त्याच्या माथ्यावर तितक्याच कुक्षी, म्हणजे पराग झेलणारी टोकं, दिसतात, त्या मोजता येतात. पांडानस फर्केटसमध्ये खंड नसतात, प्रत्येक आठळी सुटी आणि तिच्या टोकाला दुभंगलेला काटा. फर्केटस म्हणजे दुभंगलेला. हा एवढा फरक जंगलात उभ्या उभ्या बोटाने तपासता येतो.

नमुना गोळा करायचा तर तो पुढच्या माणसाला उपयोगी पडेल असा करावा. हर्बेरियमचा, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाचा, कागद ४२ बाय २८ सेंटिमीटरचा आणि पान दीड-दोन मीटरचं. म्हणून पानाची पूर्ण लांबी आणि सर्वांत जास्त रुंदी जागेवरच मोजून लिहावी, मग तीन तुकडे घ्यावेत: खोडाला चिकटलेल्या तळासकट खालचे ३० सेंटिमीटर, मधले ३० आणि टोकाचे ३०. शेंड्याचा तुकडा पुष्कळजण टाकून देतात, तो टाकू नये. टोक एकदम निमुळतं होतं की हळूहळू, आणि तिथल्या काट्यांची तोंडं कुठे वळलेली आहेत, हे ओळखीला लागतं. फळाचा गोळा फोडण्याआधी शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्यावा. मधल्या पट्ट्यातले पाच-सहा खंड घ्यावेत, कारण टोकाचे आणि देठाजवळचे लहान व वेडेवाकडे असतात. त्यातला एक उभा कापावा, एक आडवा. नर झाड असेल तर छद वाळवावेत आणि पुंकेसरांचा एक घोस ७० टक्के अल्कोहोलच्या बाटलीत ठेवावा. आधारमुळं किती उंचीवरून निघतात, झाडाला किती फांद्या आहेत, समुद्र किती दूर आहे, हे वाळलेल्या नमुन्यातून कधीच कळत नाही. ते वहीतच लिहावं लागतं.

सगळ्यात जास्त नुकसान चिठ्ठीमुळे होतं. पान कागदावर जातं, फळ जाड म्हणून वेगळ्या डब्यात जातं, आणि डब्यातली चिठ्ठी हरवली की दोन्ही निरुपयोगी. म्हणून पानाच्या प्रत्येक तुकड्याला आणि प्रत्येक खंडाला एकच क्रमांक, पेन्सिलीने लिहून, दोऱ्याने बांधावा. फळ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं तर दोन दिवसांत बुरशी धरतं. कापडी पिशवीत घालून खणखणीत उन्हात वाळवावं. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राचं हर्बेरियम आणि मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाचं ब्लॅटर हर्बेरियम ही दोन ठिकाणं अशा नमुन्यांच्या तुलनेसाठी महत्त्वाची आहेत.

फळाशिवाय ओळख किती अडते याचं उदाहरण आपल्या कुंड्यांतच आहे. भाताला वास यावा म्हणून जे पान घालतात, बासमतीचं पान किंवा आंबेमोहोरचं पान म्हणून ज्याचं रोप मिळतं, तो पांडानस अमॅरिलिफोलियस. बासमतीत आणि त्याच्या पानात सुगंधी द्रव्य एकच आहे. हे झाड माणसाने फुटव्यांवरून लावत लावत आशियाभर नेलं. ते फुलत नाही म्हटलं तरी चालेल, आणि फळ नाही म्हणून वेगवेगळ्या लेखकांनी त्याला ओडोरस, लॅटिफोलियस अशी नावं देऊन ठेवली. कोलकात्याच्या कंपनी बागेत रॉक्सबर्गने ज्या नावाने ते नोंदलं होतं आणि लिंडलीने पुढे छापलं, तेच नाव धरायला हवं हे स्टोन यांनी १९७८ साली दाखवून दिलं. त्याची नर फुलं इंडोनेशियातल्या मोलुक्कास बेटांवरून क्वचित नोंदली गेली आहेत. मादी फूल अजून कुणाच्या नोंदीत आलेलं नाही.